बोरगव्हाणची पांदण

जगात सगळ्यात वाईट गोष्ट कोणती, असं शेषराव डाकवाल्याला विचारलं तर तो भूक म्हणणार नाही, दुष्काळही म्हणणार नाही. तो म्हणेल, मुरूम. ओला मुरूम चाकाला धरून बसतो, वाळलेला मुरूम चाकाला धरतच नाही, आणि चांगला दाबून बसवलेला मुरूम फक्त मंत्र्याच्या दौऱ्यादिवशी बघायला मिळतो. अडतीस वर्षं या माणसानं धामणखेडा आणि भोवतालच्या तीन गावांत सायकलवर टपाल वाटलं. त्यात तीन सायकली, दोन गुडघे आणि एक कंबर खर्ची पडली. सायकली तेवढ्या बदलता आल्या.

धामणखेडा हे सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला खेटून बसलेलं गाव. डांबरी रस्ता चार किलोमीटरवर, फाट्याला. तिथं सकाळी दहाच्या एस.टी.नं टपालाची थैली यायची. ती घ्यायची, कालव्याच्या पाळीवरून मुरमाच्या रस्त्यानं गावात आणायची, शिक्के मारायचे आणि निघायचं. पूर्वी थैलीत पत्रं असायची आणि माणसं वाट बघायची. आता थैलीत बँकेची कार्डं, विम्याच्या नोटिसा आणि आधारची पाकिटं असतात. शेषराव दारात दिसला की लोक कपाळाला आठ्या घालून विचारतात, "आता काय आणलं बाबा?" तरी तो जातो. चौसष्ट सरलेत, नोकरीचे आठ महिने राहिलेत. संध्याकाळी घरी आला की सायकल भिंतीला टेकवायची सोडून तो स्वतःच आधी भिंतीला टेकतो, आणि मग त्याच्या बायकोला, पद्माबाईला, येऊन सायकल धरावी लागते. सकाळी उठतो तोही थकलेलाच उठतो. झोपेनं जाईल असा तो थकवा राहिलेला नव्हता.

अशा माणसापुढं जानेवारीत एक दिवस किसनराव पाटलांच्या स्वप्निलनं मोबाईल धरला आणि हौसेनं म्हणाला, "काका, हे बघा. तिकडं लोक मुद्दाम मुरमाचे रस्ते शोधत फिरतात."

तिकडं म्हणजे फ्रान्समध्ये. किसनराव हे गावातले सगळ्यात मोठे जमीनदार, कालव्याखाली चाळीस एकर. त्यांचा हा एकुलता एक मुलगा नांदेडला इंजिनियर झाला आणि सहा वर्षांपासून फ्रान्समध्ये तुलूज नावाच्या शहरात नोकरीला होता. महिन्याभराच्या रजेवर येताना त्यानं सायकल खोक्यात घालून विमानातून आणली. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं, टायर जाड, मागं कॅरियर नाही, पुढं दिवा नाही, स्टँडसुद्धा नाही. स्टँड नसलेली सायकल उभी कशी करायची, हा प्रश्न गावानं चार दिवस चघळला.

मोबाईलमध्ये फोटो होते. द्राक्षाच्या मळ्यांमधून गेलेली पांढऱ्या खडीची वाट. दोन्ही काठांना मोठाली झाडं असलेला जुना कालवा आणि त्याच्या कडेची मातीची पायवाट. दुपारच्या वेळी कुलूपबंद झालेलं एक खेडं, कारण तिथं म्हणे त्या वेळी सगळे जेवायला बसतात, आणि त्याच्या चौकातल्या दगडी हौदाच्या तोटीखाली बाटली भरणारा स्वप्निल. दर शनिवारी-रविवारी ही मंडळी अशा वाटांनी शंभर-शंभर किलोमीटर हिंडायची. मध्येच डांबर लागलं तर नकाशा बघून पुन्हा खडीकडं वळायची.

शेषरावानं सगळे फोटो शांतपणे बघितले. मग विचारलं, "तिकडं डांबर भेटत न्हाई का?"

"भेटतं की काका. पण ह्यात मजा असते."

"कशाची?"

स्वप्निलनं परत पहिला फोटो काढून दाखवला. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण इथं तर लोकांना खडीसुद्धा साजरी दिसत होती. शेषरावाला राग आला नाही. राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते.

स्वप्निलच्या मनात असं होतं की आपल्या भागातही असा साठ किलोमीटरचा रस्ता आखायचा. धरणापासून कालव्याच्या पाळीनं, माळावरून, खेड्याखेड्यांतून आणि परत. नांदेडचे आणि पुण्याचे वीसेक दोस्त येणार होते, आणि त्याच्याबरोबर काम करणारं एक फ्रेंच जोडपं सुट्टीवर भारतात आलेलं होतं, तेही. फक्त वाटा माहीत असलेला माणूस हवा होता. धामणखेड्यात असा एकच माणूस होता आणि त्याला रविवार सोडून सुट्टी नव्हती. त्यामुळं त्याचा रविवार गेला.

पोरगं मात्र गुणाचं होतं. शेषरावाच्या काळ्या सायकलच्या चालीनं आपली सायकल चालवायचं, पुढं पळायचं नाही. चढाला शेषराव उतरून चालायला लागला की तोही उतरायचा. एका ठिकाणी थांबून त्यानं मोबाईलवर हिशेब केला आणि डोळे मोठे करून म्हणाला, "काका, तुम्ही आजवर जेवढी सायकल चालवली, तेवढ्यात पृथ्वीला सात फेऱ्या झाल्या असत्या!"

"आन् तरी मी धामणखेड्यातच हाव," शेषराव म्हणाला.

त्या दिवशी दुपारी किसनरावांच्या हळदीजवळ स्वप्निल थांबला. त्याच्या मोबाईलमध्ये निजामाच्या वेळचा एक जुना नकाशा होता. त्यात धामणखेड्यापासून बोरगव्हाणपर्यंत दोन बारीक रेघा जोडीनं गेल्या होत्या. "ही वाट कुठंय काका? ही सापडली तर आपला रस्ता एकदम गोल पुरा होतो."

समोर हळदीचे वाफे होते, पाला पिवळा पडलेला. वाफ्यांवरून ठिबकच्या नळ्या गेल्या होत्या, आणि कडेनं रानडुकरांसाठी विजेच्या झटक्याची तार ताणलेली होती.

"ही पांदण व्हती," शेषराव म्हणाला.

"होती म्हणजे?"

"आता न्हाई."

पांदण म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांमधून बैलगाडी जाईल एवढी सरकारी वाट. ती कोणाच्या बापाची नसते, म्हणूनच ती सगळ्यात आधी खाल्ली जाते. नांगरताना धुऱ्याला म्हणजे बांधाला लागून नांगराचं एक तास जास्तीचं घ्यायचं, पुढच्या साली अजून एक. ह्याला आमच्याकडं धुरा कोरणं म्हणतात, आणि ह्यात भले भले तरबेज असतात. किसनरावांच्या वडिलांनी पांदण अर्ध्यावर आणली, किसनरावांनी नऊ वर्षांमागं उरलेली नांगरून टाकली. धामणखेड्याहून बोरगव्हाण पांदणीनं अडीच किलोमीटर. पांदण नसेल तर फाट्यावरून वळसा घालून चौदा.

तेव्हा बोरगव्हाणच्या पेमा नावाच्या माणसानं अर्ज केला होता आणि पंचनामा करायला साहेब लोक आले होते. आता जे सांगायचं आहे ते शेषरावानं नऊ वर्षांत कोणाला सांगितलेलं नव्हतं.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी किसनरावांनी त्याला घरी बोलावलं. शेषराव टपाल द्यायला त्या घरी हजारदा गेला होता, पण पायरीपर्यंत. त्याचा बाप त्या घरी सालानं होता, तो कधी पायरीपर्यंतही गेला नाही, अंगणातच उभा राहायचा. त्या दिवशी किसनराव म्हणाले, "या शेषराव, आत या," आणि त्याला बैठकीत खुर्ची दिली. कपबशीतून चहा दिला, वेगळ्या ठेवलेल्या पेल्यातून नव्हे, घरातल्या कपबशीतून. पाटलीणबाईंनी स्वतः पोहे आणून ठेवले. शेषराव त्या वेळी पंचावन्नचा होता, सरकारी शिक्का वापरणारा माणूस होता, बाबासाहेबांचा फोटो घरात लावणारा होता. तरी त्या खुर्चीत बसल्यावर त्याला बाप आठवला. किसनरावांनी पोहे खाऊन होऊ दिले. मग म्हणाले, "उद्या साहेब विचारतील. तुमी रोज फिरणारे माणूस. तुमी सांगा, पांदणीनं आता कोणी जात न्हाई. कालव्याच्या पाळीला नवा मुरूम पडला, तुमी बी तिकडूनच जाता न्हवं?"

ते खरं होतं. त्या साली शेषराव आपल्या टपालाच्या गावांना पाळीनंच जात होता. ज्याच्या घरी खुर्चीवर बसून चहा प्यालो त्याला दुसऱ्या दिवशी चार लोकांत नाही कसं म्हणायचं, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. ‘सदर पांदणीची वहिवाट नाही,’ असं कागदावर लिहिलं गेलं आणि खाली पंचांची पहिली सही शेषरावाची झाली. डाकवाल्याची सही म्हटल्यावर बाकीच्या चौघांनी विचारलंसुद्धा नाही. त्यानंतर खुर्चीवर बसायला त्याला कोणी बोलावलं नाही. गरज सरो, वैद्य मरो.

संध्याकाळी स्वप्निलनं बापाला ओट्यावर गाठलं. शेषराव बाजूला सायकल धरून उभा होता. "बाबा, फ्रान्समध्ये अशा वाटा गावाच्या मालकीच्या असतात. शेतकऱ्याला त्या नांगरता येत नाहीत. आणि आपल्याच शेतात ही अडलेली! पाहुण्यांना मी काय दाखवू?"

किसनरावांनी मुलाकडं बघितलं. आपलेच दात, आपलेच ओठ. ते मोठ्यानं हसले. "अरे मंग काढू की! पाव्हणे परदेशातून येऊन राहिले. दोन वाफे हळद गेली तर काय भीक लागत न्हाई आपल्याला."

आणि खरंच काढली. बुधवारी बाया लावून हळद उपटली, नळ्या गुंडाळल्या, झटक्याची तार सोडली. गुरुवारी जेसीबी आणून वाट सपाट केली, वर चार ट्रॉल्या मुरूम टाकला. पेमानं नऊ वर्षांत तीन अर्ज केले, त्यांतून वाट निघाली नव्हती. हे काम दोन दिवसांत उरकलं. शेषराव टपाल घेऊन जाता-येता बघत होता. त्याला बरं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. आपल्या गावच्या गरजेला जी वाट नव्हती ती पाव्हण्यांच्या मजेला निघाली, आणि आपल्याला त्यावर तोंड उघडायला जागा नाही, हे त्याला खुपत होतं.

शुक्रवारी किसनराव त्याला पांदणीच्या तोंडाशी भेटले. इकडं-तिकडं बघून म्हणाले, "एका दिसाचीच बात हाय, शेषराव. रविवारी पाव्हणे जाऊ द्या, सोमवारी तार परत. मंगळवारी स्वप्निल बी जातो. पोरापाशी काई बोलून ठेवू नका म्हंजे झालं."

"न्हाई बोलत," शेषराव म्हणाला. सवयीनं म्हणाला.

घरी पद्माबाई मात्र पोरीसारखी खुश होती. तिची धाकटी बहीण नीलाबाई बोरगव्हाणला दिलेली. दोघींचा जीव एकमेकींत. पांदण चालू होती तोवर पद्माबाई दर शुक्रवारी दुपारी पायी बोरगव्हाणला जायची आणि दिवेलागणीच्या आत परत यायची. पांदण बंद झाली तेव्हा दोन-तीनदा शेतातून जायचा प्रयत्न केला, मग झटक्याची तार आली. पुढं गुडघे गेले. दिवाळीत नीलाबाईला लकवा झाला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेव्हा शेषरावानं बायकोला कॅरियरवर बसवून चौदा किलोमीटर नेलं आणि आणलं. त्यानंतर आठ दिवस त्याला पायरी चढता आली नव्हती. पुन्हा न्या, असं पद्माबाईनं त्याला एकदाही म्हटलं नाही.

"अवो, रविवारी मला नेसाल न्हवं?" तिनं त्या रात्री जेवताना विचारलं. "पांदणीनं काय, बिडी वढंस्तोवर पोचतो माणूस. नीलाला लापशी करून नेते. तिला गिळायला तीच बरी."

"नेतो की."

"पाटलाचं मात्र वाटोळं होईल," भाकरी मोडता मोडता ती म्हणाली. "नऊ वर्सं बहिणी-बहिणीत तार बांधली मेल्यानं. तुमी गरीब माणूस, तुमी काय करणार व्हते त्याच्यापुढं?"

शेषरावाचा घास तोंडातच फिरत राहिला. खोटं बोलल्याचं त्याला नऊ वर्षं वाईट वाटत होतंच. पण बायको आपली कड घेऊन दुसऱ्याला शिव्या देते, हे त्याला त्या घासाबरोबर गिळता येईना. तो पाणी प्यायला आणि हात धुवून उठला.

रविवारी सकाळी साडेआठला पाव्हणे आले. वीस-बावीस सायकली, कोणतीच उभी राहत नव्हती, सगळ्या धुऱ्यावर आडव्या पडलेल्या. किसनरावांनी पांदणीच्या तोंडाशी लहानसा मांडव घातला होता. नारळ, शाली, एक डबा स्पीकर, आणि पाव्हण्यांना हळद दाखवायला म्हणून टोपलीत ओली हळकुंडं. फ्रेंच जोडपं पन्नाशीचं होतं, उन्हानं लाल झालेलं आणि फार हसरं. बाईनं हळकुंड मोडून वास घेतला आणि बोटं पिवळी झाली म्हणून सगळ्यांना दाखवत राहिली.

पद्माबाई निळं धुवट लुगडं नेसून, डब्यात लापशी घेऊन बाजूला एका दगडावर बसली होती. तिचं लक्ष पाव्हण्यांकडं नव्हतं, पांदणीकडं होतं.

किसनराव माईकवर बोलले. आमची ही पांदण किती जुनी, निजामाच्या नकाशात आहे, आमच्या वाडवडिलांनी ती कशी जपली, असं सगळं. स्वप्निल फ्रेंच भाषेत त्या दोघांना सांगत होता. वाडवडिलांनी जपली, हे सांगताना तो मध्येच थोडा अडखळला. मग म्हणाला, "आणि आता शेषरावकाका दोन शब्द बोलतील. हा सगळा रस्ता त्यांनी दाखवलाय." त्यानं स्वतः शेषरावाच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात माईक दिला.

शेषराव आयुष्यात माईकवर बोललेला नव्हता. त्यानं समोर बघितलं. किसनराव हसऱ्या तोंडानं मान हलवत होते, बोला बोला, म्हणत होते. त्याला काय बोलायचं ते आदल्या दिवशी स्वप्निलनं सांगून ठेवलं होतं, सगळ्यांचं स्वागत आहे, एवढंच. तेवढं बोलून खाली बसलं असतं तर गुडघ्यालाही बरं वाटलं असतं.

"मला भाषण येत न्हाई," तो म्हणाला. "नऊ वर्सांमागं ह्या पांदणीचा पंचनामा झाला. त्यात लिवलेलं हाय की इथून कोणी जात न्हाई. खाली पहिली सही माही हाय. ते खोटं व्हतं. लोक जात व्हते. मला ठावं व्हतं आन् तरी मी सही केली. कोणी जबरदस्ती केली न्हाई, मीच केली. उद्या मी तसं माह्या हातानं लिहून तहसीलला पाठवणार हाव. रजिस्टर पोस्टानं. पाटील, तुमी सोमवारी तार बांधा का नका बांधू, मी पाठवणार."

स्पीकर तेवढा घुमत होता. मग त्या फ्रेंच जोडप्याला वाटलं, भाषण संपलं. त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. ते टाळ्या वाजवतात म्हटल्यावर पुण्याच्या पोरांनी वाजवल्या, नांदेडच्यांनी वाजवल्या, आणि एवढे पाव्हणे टाळ्या वाजवतात म्हटल्यावर किसनरावांनाही दोन्ही हात वर उचलावे लागले. स्वप्निलनं तेवढ्या वाजवल्या नाहीत. तो बापाकडं बघत होता. बाप हळदीच्या टोपलीकडं बघत होता.

शेषरावानं शाल घडी करून कॅरियरवर ठेवली म्हणजे बसायला मऊ लागेल, आणि सायकल पद्माबाईजवळ नेली. ती उठली, डबा मांडीवर घेऊन कॅरियरवर बसली. स्वप्निल म्हणाला, "काका, पुढं तुम्हीच." मग पांदणीतून आधी शेषरावाची काळी सायकल, तिच्यावर डबा धरलेली पद्माबाई, आणि मागं परदेशी जाड टायरांची रांग अशी वरात निघाली. बाजूच्या हरभऱ्यात काम करणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

अर्ध्यावर पांदणीला बारीकसा चढ होता. पद्माबाई म्हणाली, "थांबा."

शेषराव थांबला. ती उतरली. मागचे सायकलवाले घंटी वाजवत, हात हलवत बाजूनं पुढं गेले. धुरळा खाली बसला.

"नीलाकडं मी दर शुक्रवारी जात व्हते," ती म्हणाली. "ह्याच वाटंनं. वीस वर्सं. तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मंग कोणी जात न्हाई, असं कसं सांगितलं?"

शेषरावानं खूप शोधलं. नऊ वर्षं त्यानं स्वतःला पुष्कळ कारणं सांगितली होती, ती सगळी किसनरावांची, चहाची, बापाची होती. ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांत नव्हतं. जे होतं ते त्यानं सांगितलं. "तव्हा तू आठवलीच न्हाई."

पद्माबाईनं मान हलवली, भाजीवाल्यानं भाव सांगितल्यावर हलवतात तशी. मग डबा काखेत धरून चालायला लागली. दोन्ही गुडघे बाहेर फेकत, मुरमावर पाय घसरत, पण थांबली नाही. शेषराव सायकल ढकलत मागं चालत राहिला. तिला बसायला सांगावं असं त्याला दोनदा वाटलं. बोरगव्हाणची पहिली घरं लागली तेव्हा ती वळून म्हणाली, "मी इथंच राहते आता नीलापाशी. तिला कोणीतरी पायजेच हाय. तुमी मला न्यायला या, पण ह्याच वाटंनं या. चौदा किलोमीटर फिरून आलात तर मी येणार न्हाई."

सोमवारी सकाळी किसनरावांची माणसं तार बांधत होती. शेषरावानं रविवारी दुपारी लिहिलेला कागद पाकिटात घातला, स्वतःच तिकीट लावलं, स्वतःच शिक्का मारला आणि कालव्याच्या पाळीवरून फाट्यावर नेऊन थैलीत टाकला. मंगळवारी स्वप्निल गेला. जाताना तो शेषरावाच्या घरी आला, वाकून पाया पडला आणि निघून गेला. फ्रान्सला गेल्यावर तो बापाला फोन करतो आणि पांदणीचं विचारतो, असं गावात म्हणतात. बाप म्हणे, आवाज कटून राहिला, असं सांगून फोन ठेवून देतात.

सहाव्या आठवड्यात तहसीलची नोटीस आली. सुनावणीची तारीख, किसनरावांच्या नावानं, पोचपावतीसह. ती पोचवायचं काम अर्थातच डाकवाल्याचं. शेषराव पायरीपर्यंत गेला आणि पेन पुढं केला. किसनरावांनी चष्मा लावून नोटीस वाचली, पुन्हा वाचली, आणि सही केली.

"काय भेटलं शेषराव तुमाला ह्यातून?" त्यांनी विचारलं. रागावून नव्हे, खरोखर कळत नाही म्हणून विचारलं.

"अजून तर काईच न्हाई," शेषराव म्हणाला. "घरी भाकरी माही मीच थापतो. जळते बी."

पोचपावती त्यानं खिशात ठेवली आणि सायकलवर पाय टाकला. गुडघा नेहमीसारखा करकरला. पुढं अजून तीन गावं होती. तारखेला पंधरा दिवस होते, आणि पद्माबाई बोरगव्हाणलाच होती.